पोटावरची पिशवी: स्वस्त, टिकाऊ आणि आपल्या उन्हाळ्यात निभावणारी कशी करता येईल?

रानजाई

नमस्कार मंडळी. आईला इलिओस्टॉमी आहे आणि मी स्वतः प्रॉडक्ट डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय घरातही आहे आणि सतत डोक्यातही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आतड्याचा कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्याचा टीबी, अपघात, अशा कशामुळेही आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढावं लागतं, त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी आणि लघवीसाठी केला तर युरोस्टॉमी. त्याला झडप नसते, शी थांबवून धरता येत नाही, म्हणून पोटावर चिकटवायची पिशवी. कुणाला काही महिने, कुणाला जन्मभर.

आता मुद्दा. पिशवी स्वस्त करा म्हटलं की लोक लगेच पातळ प्लास्टिक, साधा चिकट असा विचार करतात आणि मला वाटतं चूक तिथेच होते. पन्नास रुपयांची पिशवी रोज गळली तर ती दोनशेच्या पिशवीपेक्षा महाग आहे, कारण त्यात परत दुसरी पिशवी, सोलपटलेल्या कातडीची पावडर, धुवायचे कपडे, बुडालेला रोज आणि माणूस घराबाहेर पडायचं बंद होतो ते वेगळंच. म्हणून हिशोब पिशवीमागे नको, न गळता गेलेल्या दिवसामागे किती रुपये पडले असा हवा. डिझाइनचं सगळं गणित मग बदलतं.

दुसरं म्हणजे आपलं जगणं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या पिशव्या थंड हवेतल्या, कमोडवर बसणाऱ्या, पँट घालणाऱ्या माणसासाठी विचार करून केलेल्या वाटतात. आई मांडी घालून बसते, पोळ्या लाटताना वाकते, देवापुढे उकिडवी बसते, मे महिन्यात स्वयंपाकघरात घामाने निथळते, आणि परकराची नाडी बरोब्बर फ्लँजच्या, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या प्लेटच्या, कडेवर येते. जयपूर फूट आठवा, १९६८ च्या आसपास रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी ज्या कृत्रिम पायाचं काम केलं त्यात आधी विचारलेला प्रश्नच हा होता की माणसाला उकिडवं बसता आलं पाहिजे, मांडी घालता आली पाहिजे, अनवाणी शेतात चालता आलं पाहिजे. आयात पायात ते होत नव्हतं. पोटावरच्या पिशवीला हा प्रश्न कुणी विचारला आहे का? मला तो विचारायचाय, आणि जे रोज वापरतात त्यांच्याकडून ऐकायचंय. काय त्रास होतो, काय जुगाड करता, कशासाठी जास्त पैसे द्याल आणि कशासाठी अजिबात देणार नाही, सगळं लिहा.

पाटाचं_पाणी

ताई चांगला धागा काढला. मी बार्शी भागातला, शेती आहे, रेक्टमच्या कॅन्सरमुळं कायमची कोलोस्टॉमी. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं त्याचे पैसे लागले नाहीत, पण घरी आल्यावर पिशव्या आपल्या आपण घ्यायच्या. तालुक्याला मिळतच नाहीत, मेडिकलवाला म्हणतो ऑर्डर द्या, मग सोलापूरहून किंवा पुण्याहून कुणी येणार असेल तर आणायला सांगायचं, आणि एकदम जास्त आणल्या तर उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या प्लेटचा चिकट पाघळतो. आमच्या वॉर्डात शेजारच्या पेशंटनं तर पहिल्यापासून दुकानातली कॅरीबॅग फडक्यानं कमरेला बांधलेली, त्याला पिशवी परवडतच नव्हती, त्याची कातडी बघवत नव्हती.

मला विचाराल तर तीन गोष्टी. एक, घाम. उसाला पाणी द्यायला गेलो की दुपारी कड सुटायला लागते. दोन, वाकणं. खुरपायला बसलो की पोटाला घडी पडते आणि कडक रिंग बरगडीत टोचते. तीन, पिशवी रिकामी करणं. शेतात संडास नाही, आणि घरातला आपला साधा बसायचा आहे, पिशवीचं तोंड एवढं आखूड की एक तर पाय भरतात नाहीतर कपडा. तोंडाची नळी वीतभर लांब केली तर कंपनीचं काय जातं? प्लास्टिकच तेवढं.

रानजाई

दादा, लांब तोंडाचा मुद्दा लिहून घेतला. हा अगदी चित्र काढून उद्या नमुना करता येईल असा बदल आहे. प्लेट साठवायचा तापमानाचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता, पाकिटावर थंड जागी ठेवा लिहिलेलं असतं आणि थंड जागा घरात असतेच असं नाही.

स्टोमा_सिस्टर

मी स्टोमा क्लिनिकमध्ये नर्स आहे, एन्टेरोस्टोमल थेरपीचं, म्हणजे स्टोमाच्या काळजीचं, ट्रेनिंग मुंबईत घेतलं. डिझाइनवर येण्याआधी एक सांगते कारण त्याला पैसे लागत नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर जागा मार्क करणं. पेशंटला उभं करायचं, खुर्चीवर बसवायचं, मांडी घालायला लावायची, उकिडवं बसवायचं, बाईला परकर नेहमी जिथे बांधते तिथे बांधायला सांगायचं, पुरुष धोतर नेसत असेल तर धोतर, आणि घड्या, जुने व्रण, बेंबी, कमरेचं हाड, नाडीची रेघ हे सगळं टाळून, पेशंटला स्वतःला दिसेल अशा सपाट जागी खूण करायची. झोपलेल्या माणसाच्या पोटावर घडी दिसतच नाही. चुकीच्या जागी आलेल्या स्टोमावर जगातली सगळ्यात महाग पिशवी लावली तरी गळते. त्यामुळे ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी सर्जनना स्वतःहून विचारा, मार्किंग कोण करणार. इमर्जन्सीत नेहमी जमत नाही हे खरं, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला सबब नको.

दुसरं भोक कापण्याचं. ऑपरेशननंतर सूज असते, सहा ते आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो. पेशंट मात्र घरी दिलेल्या पहिल्या मापानेच वर्षभर कापत बसतो. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. त्याहून मोठं राहिलं की उघड्या कातडीवर शी बसते, आणि इलिओस्टॉमीची शी पातळ असते, त्यात पाचक रस असतात, ते कातडी अक्षरशः पचवतात. बऱ्याच जणांची पिशवी वाईट नसते, भोक मोठं असतं. मापाची पुठ्ठ्याची पट्टी बॉक्समध्ये येते ती फेकू नका.

आणि हो, प्लेटच्या खाली खोबरेल तेल, मॉइश्चरायझर, तेलकट साबण लावू नका, चिकटणार नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, भरून लोंबली की वजनाने कड सुटते. गॅस काढायला टाचणीने भोक पाडू नका, वास तिथून येतच राहतो.

एक्स्ट्रूडर

मी प्लास्टिक फिल्मच्या धंद्यात आहे, वैद्यकीय नाही, पण या फिल्मचे नमुने हाताळलेत म्हणून लिहितो. पिशवीचं प्लास्टिक दिसतं तेवढं साधं नसतं. साध्या पॉलिथिनमधून हायड्रोजन सल्फाइड आणि तसले वासाचे रेणू हळूहळू पार होतात, म्हणून कॅरीबॅग बांधणाऱ्या माणसाला कितीही घट्ट गाठ मारली तरी वास येतो. चांगल्या पिशवीत बाहेर मऊ थर आणि मधे पीव्हीडीसीसारखा वास अडवणारा पातळ थर असतो, सगळे थर एकत्र काढलेले. पण ही मल्टिलेयर फिल्म आपल्याकडे खाण्याच्या पॅकिंगसाठी टनावारी होते, तंत्र इथं आहे.

खरी किंमत आहे प्लेटमध्ये, म्हणजे कातडीला लागणाऱ्या भागात. त्याला हायड्रोकोलॉइड म्हणतात. एक रबरी चिकट, बहुतेक पॉलिआयसोब्युटिलिन, आणि त्यात कालवलेल्या पाणी शोषणाऱ्या पावडरी, सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज), पेक्टिन, जिलेटिन. रबर धरून ठेवतं, पावडरी घाम पितात म्हणून खालची कातडी भिजत नाही. आता इथं डिझाइनची ओढाताण आहे. पावडर जास्त घातली तर घाम छान पिते पण इलिओस्टॉमीच्या पातळ पाण्याने फुगून विरघळते. कमी घातली तर पाण्याला टिकते पण घामाने आतून सुटते. आपल्याला दोन्ही टोकं लागतात, बाहेरून चाळीस डिग्री आणि आतून पातळ शी. म्हणजे आपलं मिश्रणच वेगळं लागेल, नुसती आयात प्लेट कॉपी करून भागणार नाही. चांगली गोष्ट अशी की सीएमसी आपल्याकडे बनतं, ग्वारगम तर जगात सगळ्यात जास्त आपणच पिकवतो. जिलेटिन काढून पूर्ण वनस्पतीजन्य मिश्रण करता आलं तर ज्यांना प्राण्याचं काही अंगाला नको त्यांचाही प्रश्न मिटेल.

सातपुडा

वरच्या प्रतिसादात डिंकाचा उल्लेख आला म्हणून. या सगळ्या प्लेटच्या आधी कातडी वाचवायला काय वापरायचे माहितीये? कांडोळाचा डिंक! आमच्या नंदुरबारकडच्या डोंगरात हे झाड आहे, पांढरं खोड, रात्री दुरून चमकतं म्हणून काही जण भुताचं झाड म्हणतात. आदिवासी लोक खोडाला खाचा देऊन डिंक गोळा करतात, बाजारात त्याला कराया म्हणतात आणि भारतातून तो बाहेरच्या देशांत जातो. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात आलं की ही पावडर ओल्या सोलपटलेल्या कातडीवर बसते, पाणी शोषून चिकट होते आणि कातडी भरून येते. पुढे त्याच्या रिंगा निघाल्या, कित्येक वर्षं त्याच चालल्या. म्हणजे आमच्या डोंगरातला डिंक तिकडे गेला, त्यावर एक धंदा उभा राहिला, आणि आज आमच्याच जिल्ह्यातल्या पेशंटला प्लेट परवडत नाही. मला हे फार लागतं.

एक्स्ट्रूडर

@सातपुडा, अगदी खरं, पण कराया सोडून का दिला तेही बघायला हवं. उष्णतेने आणि पातळ शीने तो लवकर विरघळतो, युरोस्टॉमीत तर टिकतच नाही. म्हणून नुसता डिंक नाही, पण मिश्रणातला एक घटक म्हणून परत तपासावा असं मला वाटतं.

चिमणीची_आई

मी बाळाच्या बाजूने लिहिते. माझ्या मुलीला जन्मतः शीची जागाच नव्हती, पहिल्या दिवशीच कोलोस्टॉमी झाली, नंतर पुढचं ऑपरेशन आणि मग स्टोमा बंद. आता ती छान आहे. पण त्या मधल्या महिन्यांत बाळाच्या मापाची पिशवी शोधून शोधून दमले, मिळाली ती एवढी महाग की वॉर्डातल्या कुणीच घेत नव्हतं. सगळ्या आया जुन्या सुती साडीच्या घड्या किंवा डायपर वरून बांधायच्या, शी झाली की बदलायचं, भोवती झिंक ऑक्साइडचं मलम. डॉक्टरांनीच सांगितलं की डाव्या बाजूची कोलोस्टॉमी असेल तर बाळाला असं चालतं, आणि खरंच चाललं. त्यामुळे बाळांसाठी डिझाइन करणार असाल तर उगाच मोठ्यांची पिशवी छोटी करू नका. एक रुंद, मऊ पोटपट्टा ज्यात सुती घडी सरकवता येईल, शिंप्याकडून शिवून घेता येईल, त्याचा साधा नमुना कुणी दिला तरी हजार आयांचं काम होईल. ज्या बाळांची इलिओस्टॉमी आहे त्यांना मात्र कातडीला चिकटणारी प्लेटच लागते, तिथे कापड चालत नाही.

स्टोमा_सिस्टर

@चिमणीची_आई, बरोबर लिहिलंत, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे, लोक सरसकट कापड सांगतात.

@पाटाचं_पाणी काका, तुमची कायमची कोलोस्टॉमी डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या शेवटाकडची आहे ना? तर तुमच्या सर्जनना इरिगेशनबद्दल विचारा. कोन असलेल्या नळीने स्टोमातून कोमट पाणी हळूहळू सोडायचं, आतडं एकदाच रिकामं होतं, तासाभराचं काम आहे, पण जमलं की बऱ्याच जणांना एक ते दोन दिवस शी येत नाही आणि वर नुसती छोटी टोपी किंवा गॉज पुरतो. किट एकदाच घ्यावं लागतं. हे स्वतःहून नेटवर बघून करू नका, पहिल्यांदा नर्सच्या समोर शिका, पाणी उकळून कोमट होऊ दिलेलं, आणि कोनच वापरायचा, साधी नळी आत घालायची नाही, आतडं फाटू शकतं. इलिओस्टॉमीवाल्यांना हे नाही. केमो किंवा रेडिएशन चालू असताना नाही. हर्निया असेल तर नाही. पण ज्यांना चालतं त्यांचा पिशवीचा खर्च पार खाली येतो, आणि तरीही हे कमी शिकवलं जातं, कारण शिकवायला वेळ आणि माणूस लागतो.

पाटाचं_पाणी

व्हय डावीकडंच आहे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं बघा. पुढच्या तपासणीला विचारतो.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असतो, वडिलांना पुण्यात कोलोस्टॉमी, त्यामुळे दोन्हीकडचं पाहतोय. इथे कायमचा स्टोमा असला की सर्टिफिकेट मिळतं, पाच वर्षं चालतं, प्रिस्क्रिप्शनचा चार्ज लागत नाही. पिशव्या घरपोच, भोक तुमच्या मापाने आधीच कापून. आणि कुठल्या पिशवीचे सरकार किती पैसे देणार ती यादी छापील असते, कुणीही बघू शकतो. मला वाटतं आपण नुसत्या डिझाइनवर बोलून चालणार नाही. भारतात २०१७ साली स्टेंटची किंमत बांधलीच की, साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषध लावलेल्याला २९,६०० रुपये कमाल ठरवली होती. स्टेंट एकदा बसतो, पिशवी जन्मभर लागते. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्टोमा नाही, त्यामुळे त्या वाटेने मिळणाऱ्या मदतीलाही आपले लोक मुकतात.

एक्स्ट्रूडर

किंमत बांधण्याला विरोध नाही, पण एक गोष्ट सरकार लगेच करू शकेल ती म्हणजे कपलिंगचं माप ठरवणं. टू-पीसमध्ये प्लेट वेगळी आणि पिशवी वेगळी, मधे रिंग. आज एका कंपनीची पिशवी दुसरीच्या प्लेटवर बसत नाही, माप ५७ मिलिमीटर दोघांवरही लिहिलेलं असलं तरी. म्हणजे एकदा हॉस्पिटलने जी लावून दिली तिच्यातच पेशंट अडकला. रिंगचं खुलं मानक ठरलं तर फिल्मवाला छोटा कारखानदार नुसत्या पिशव्या करू शकेल, प्लेट कुणाचीही असो. पिशवीचा भाव तिथेच पडेल. माझ्यासारखे पन्नास जण उद्या मशीन लावतील.

रानजाई

हे मला या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतंय. फक्त ती रिंग कडक नको, पाटाचं_पाणी दादांनी लिहिलंय तसं बसताना टोचते, आणि ऑपरेशननंतर नाजूक पोटावर दाबून बसवताना जीव जातो. मऊ, वाकणारी, चिकट कडेची जोडणी हवी. आणि प्लेटला कातडीच्या बाजूने आडव्या रेषेत खाचा, म्हणजे पोटाला घडी पडेल तिथेच ती दुमडेल. माझा एक साधा मेणाचा आणि सिलिकॉनचा नमुना तयार आहे, माणसावर नाही लावलेला, नुसतं वाकणं बघायला.

आणखी एक छोटी गोष्ट, पिशवीचं प्लास्टिक मांडीला लागून घामोळं येतं, त्यावर मी आईला मलमलची खोळ शिवून दिलीये, वर नाडी, खाली तोंड मोकळं. जुन्या साडीतून होते, पिशवीचा खुळखुळ आवाजही कमी येतो. ही ज्यांना हवी त्यांनी करूनच टाका, यासाठी कुणाची वाट बघायला नको.

कोकणकडा

मी इथे पहिल्यांदा लिहितेय, इलिओस्टॉमी, वय बत्तीस, रत्नागिरीला शाळेत शिकवते. १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सने आपल्या बहिणीसाठी चिकट पिशवीची कल्पना काढली, कारण बहीण ऑपरेशननंतर लोकांत जायलाच घाबरत होती. प्लास्टिकचा कारखाना असलेल्या माणसाला पटवलं आणि १९५७ ला त्यातूनच कोलोप्लास्ट ही पिशव्या बनवणारी कंपनी उभी राहिली. मला ही गोष्ट यासाठी सांगावीशी वाटते की सुरुवात भीतीपासून झाली होती, खर्चापासून नाही. मी पावसाळ्यात पाच महिने भिजत असते, प्लेटची कड वाळतच नाही, पण माझी पहिली मागणी टिकण्याचीही नाही. मला तासाभराचा इशारा हवाय. चार तास सलग वर्गात उभी असते, सुटायला लागली आहे हे मला कपडा ओला झाल्यावर कळतं. कडेच्या आत एखादी पट्टी जी ओल लागली की रंग बदलेल, आणि पिशवी वर उचलून बघता येईल अशी पारदर्शक खिडकी, एवढं दिलंत तर मी प्लेटला जास्त पैसे देईन. बाकी गुलाबी गोऱ्या कातडीच्या रंगाचं कव्हर मला नको, त्याचे पैसे वाचवा.

स्टोमा_सिस्टर

@कोकणकडा, तोवर एक करून बघा, प्लेटच्या मागे कड पांढरी पडून किती पुढे विरघळली आहे ते प्रत्येक वेळी काढल्यावर बघा आणि भोकापासून बाहेरपर्यंत अर्ध्याच्या पुढे गेली असेल तर बदलायचा दिवस अलीकडे घ्या. गळायची वाट बघून बदलू नका, ठरलेल्या दिवशी बदला. आणि पावसात केस वाळवायचं मशीन थंड हवेवर लावून कड वाळवा, गरम नको.

@रानजाई, नमुना माणसावर लावायच्या आधी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, ते सोपं समजू नका पण घाबरूही नका. आयआयटी मुंबईत बेटिक नावाचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, ते डॉक्टर आणि इंजिनियर दोघांना घेऊन काम करतात, तिथे विचारा. तोपर्यंत पाण्यावर, घामासारख्या खारट पाण्यावर, चाळीस डिग्रीत चाचण्या होऊ शकतात.

रानजाई

विचारते. दरम्यान एक वही सुरू करतेय, सगळ्यांनी आपापलं लिहा: कुठला स्टोमा, वन-पीस की टू-पीस, ऋतू, काम कसलं, बसणं कसं, कड आधी कुठून सुटली (वरून, खालून, नाडीच्या बाजूने), आणि त्या महिन्याचा एकूण खर्च, पावडर पेस्ट धरून. कंपनीचं नाव नको. कुठून सुटते हे सगळ्यात आधी हवं, त्यावर खाचा कुठे घ्यायच्या ते ठरेल.

पाटाचं_पाणी

माझं लिहून घ्या. कोलोस्टॉमी, टू-पीस, उन्हाळा, शेती, उकिडवं बसणं जास्त. कड कायम खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुटते, जांघेकडून, तिथंच घडी पडते. खर्च बघून रात्री टाकतो, बिलं मुलाकडं आहेत.

कोकणकडा

इलिओस्टॉमी, वन-पीस, पावसाळा, उभं राहून काम. खालून, सहा वाजताच्या काट्याच्या जागी. वहीत कड सुटल्याची वेळ पण घ्या ताई, माझी जवळपास नेहमी दुपारच्या जेवणानंतर सुटते.